पाण्याची बादली डाव्या हाताला

चौकशी सुरू झाली दहा वाजून वीस मिनिटांनी.
मी टंकलेखनिक. मला मत नसतं.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला,
जिथून पुढे समुद्र आणि मग नुसता बर्फ,
तिथल्या रेसकोर्सची ही खोली:
तीन पंच, एक हीटर, पाण्याचा जग,
भिंतीवर एका विजेत्या घोड्याचा फोटो
ज्याचं नाव विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

समोर ड्युगल स्ट्रॉनक, वय एकोणसत्तर.
टोपी गुडघ्यावर, बुटांवर पहाटेचं दहिवर
हीटरपाशी हळूहळू विरघळणारं.
बेचाळीस वर्षं घोडे तयार केले.
आधीचा गुन्हा एक: अर्ज उशिरा भरला, दंड पन्नास डॉलर.

आरोप असा, की
लेट रिसीट नावाच्या सहा वर्षांच्या घोडीच्या रक्तात
कार्बन डायऑक्साइड निघाला सदतीस पूर्णांक चार.
मर्यादा छत्तीस.
म्हणजे शर्यतीच्या सकाळी नाकातून नळी,
नळीतून सोडा, साखर, पाणी.
म्हणजे पाय थकले तरी थकल्याची बातमी उशिरा पोचते.
घोडी खाल्ल्या सोड्याला जागली,
सहज जिंकली.
(हे मी टाइप केलं नाही.)

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगते:
मागे दोन चाकांची हलकी गाडी, गाडीत माणूस,
आणि घोड्याने चौखूर उधळायचं नाही.
येतं त्याला, रक्तातच असतं, तरी नाही.
दुडकत जायचं, कितीही घाई असो.
चाल मोडली की कडेला घ्यायचं, सावरायचं,
बाकीचे पुढे गेलेले बघायचे.
एवढंच शिकवण्यात गेली ड्युगलची बेचाळीस वर्षं.

मिसेस अ‍ॅगन्यू अध्यक्ष.
त्यांच्या मुलीचं पहिलं तट्टू ह्याच्याकडूनच घेतलेलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
नळी कुणी घातली?
मी.
पहिल्यांदाच?
तो जगाकडे बघत राहिला.
पहिल्यांदाच सापडलो, म्हणाला.

कुणी हसलं नाही. मी 'विराम' असं लिहिलं.

बारा महिने बाद.
विजय रद्द, बक्षिसाची रक्कम परत.
कोणत्याही मैदानात, तबेल्यात पाऊल नाही,
आणि स्वतःच्या वाडीत घोडे असतील तर तिथेही नाही.
म्हणजे घोडे जातील, नाहीतर तो.
सात घोडे. शुक्रवारपर्यंत.

आणखी काही सांगायचंय?

हो. मॅगी.
मॅगी कोण, तिसऱ्या पंचांनी विचारलं.
लेट रिसीट, तो म्हणाला. घरी मॅगी.
उजवा डोळा अधू आहे तिचा.
बादली डाव्या हाताला ठेवा म्हणावं.
नाहीतर दोन-दोन दिवस पाण्याला तोंड लावत नाही.

याचा प्रकरणाशी संबंध नाही.
नोंदीत घेऊ नका.

मी पुसलं. एकेक अक्षर मागे जात, डोळा, बादली, मॅगी.
पुसताना राग आला मला, आणि तो नेमका कुणाचा
हे कळेना:
जो तिची तहान कुठल्या बाजूला असते ते जाणतो
त्यानेच तिचं डोकं धरलं असणार,
कपाळावर हात फिरवत, नावाने हाक मारत,
आणि ती उभी राहिली असणार.
इथेच घोडं पेंड खातं.
पण ह्याला कलम नाही.

शनिवारी मी नव्या तबेल्याला फोन लावला.
पलीकडे पोरगेला आवाज.
ती पाणी पिते का?
नाही. कोण बोलतंय?
रेसकोर्सच्या कचेरीतून. बादली डावीकडे ठेवा.
नियम आहे का?

हो, म्हटलं मी.
कितवा?
फोन ठेवला.

इतिवृत्त बारा पानांचं झालंय.
माझी सही अजून बाकी आहे.